उन्हाळा सशाचं वजन कसं खातो

५, १८ आणि ३० अंश सेल्सिअस. वाढीला लागलेले ससे या तीन तापमानांत ठेवले, तर ते रोज किती खातात, किती पितात आणि किती ग्रॅमनी वाढतात? एबरहार्ट या संशोधकाने १९८० मध्ये या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ससेपालनावरच्या ग्रंथात हा तक्ता छापला गेला. सशांवर तापमानाचा काय परिणाम होतो, हे सांगताना तो आजही पुढे केला जातो.

५ अंशांत ससा दिवसाला १८२ ग्रॅम गोळीखाद्य खात होता, १८ अंशांत १५८ ग्रॅम आणि ३० अंशांत फक्त १२३ ग्रॅम. पाण्याचं उलट झालं. १८ अंशांत दिवसाला २७१ ग्रॅम पाणी पुरत होतं, ३० अंशांत ३८६ ग्रॅम लागू लागलं. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वजन? ५ अंशांत रोज ३५.१ ग्रॅम, १८ अंशांत ३७.४ ग्रॅम आणि ३० अंशांत २५.४ ग्रॅम.

खरी मेख आकड्यांच्या तुलनेत आहे. १८ वरून ३० अंशांवर गेल्यावर खाणं साधारण २२ टक्क्यांनी घटलं, पण वाढ घटली ३२ टक्क्यांनी. असं का व्हावं? कारण खाल्लेल्यातला पहिला वाटा श्वास, रक्ताभिसरण आणि पेशींची डागडुजी यांवर जातो. पगार कापला गेला तरी घरभाडं तेवढंच राहावं, तसा हा वाटा फारसा कमी होत नाही. अंगाला लागायचं ते उरलेल्यातून, आणि कात्री लागते ती नेमकी त्या उरलेल्याला.

हाच हिशेब दिवसांत मांडला की पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. पिल्लाच्या अंगावर दीड किलो वजन चढायला १८ अंशांत ४० दिवस लागतात, ३० अंशांत ५९. रोजचं खाणं कमी असूनही या ५९ दिवसांत ससा सव्वासात किलोच्या आसपास खाद्य फस्त करतो. १८ अंशांतला ससा तेवढंच वजन ६ किलो ३०० ग्रॅममध्ये मिळवतो. रोज संपणाऱ्या पोत्यांवर नजर ठेवणाऱ्याला वाटतं, उन्हाळ्यात खर्च वाचला. प्रत्यक्षात प्रत्येक सशामागे जवळजवळ एक किलो खाद्य आणि पिंजऱ्याचे १९ दिवस जास्त गेलेले असतात.

ससा उन्हापुढे एवढा हतबल का होतो, हे कळायला त्याचं मूळ घर पाहायला हवं. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा, शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस, मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातला. तिथेही उन्हाळा कडक असतो, पण हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ जमिनीखालच्या बिळात काढतो आणि संध्याकाळी, रात्री, पहाटे चरायला बाहेर पडतो. म्हणजे उन्हाशी दोन हात करण्याची त्याची युक्ती शरीरात नव्हती, बिळात होती. (आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळा. तो लेपस प्रजातीतला, बीळ न करता झुडपाच्या आडोशाला बसणारा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडून पाळायची कल्पनाही कुणी करू नये.) माणसाने बीळ काढून घेतलं, जाळीचा पिंजरा दिला आणि वर पत्रा टाकला. न्यूझीलंड व्हाइट नावाची मांसासाठीची प्रसिद्ध जात न्यूझीलंडमध्ये नव्हे, अमेरिकेत तयार झाली. तिची निवड झाली ती झपाट्याने वाढण्यासाठी, आणि झपाट्याने वाढणारं शरीर आतून उष्णताही जास्त निर्माण करतं. वर पत्र्याची धग, आतून स्वतःच्या पचनाची. त्यात तो सापडतो.

चैत्रातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये डोकावलं, तर सशाची अवस्था कुठल्याही यंत्राशिवाय वाचता येते. एरवी अंग गोळा करून बसणारा ससा पोट जाळीला टेकवून, मागचे पाय लांब सोडून पसरलेला असतो. कान एकमेकांपासून दूर झालेले, गरम आणि लालसर. उजेडाकडून पाहिलं तर आतल्या शिरा ठळक दिसतात. नाकपुड्या थरथरत असतात. बरगड्यांची हालचाल मोजली, तर एरवी मिनिटाला ३० ते ६० असणारा श्वास २०० च्या वर गेलेला आढळू शकतो. ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. तो तोंड उघडून धापा टाकू लागला, नाकातोंडाभोवतीचे केस ओले दिसू लागले, की वेळ हातातून निसटत चालली आहे असं समजावं.

माणसासारखा घाम त्याला येत नाही. उपयोगी पडतील अशा घर्मग्रंथी जवळजवळ नाहीतच. उष्णता बाहेर टाकायचे मार्ग दोन, कान आणि श्वास. कानांवर केस विरळ आणि रक्तवाहिन्या भरपूर. गरम होऊ लागलं की या वाहिन्या फुलतात, अंगातलं गरम रक्त कानांत येतं आणि हवेला उष्णता देऊन परत फिरतं. युक्ती नामी आहे, पण तिची एक अट आहे: हवा कानापेक्षा थंड असली पाहिजे. सशाच्या शरीराचं तापमान साडेअडतीस ते साडेएकोणचाळीस अंशांच्या घरात. हवा ३५ अंशांवर गेली की कान आणि हवा यांच्यातला फरक इतका कमी उरतो की कान जवळजवळ निकामी ठरतात. ४० अंशांत तर उष्णता उलटी आत शिरू लागते. मग उरतो फक्त श्वास, आणि भराभर श्वास घेण्यासाठी स्नायू चालवावे लागतात. त्यातूनही उष्णता निर्माण होते.

बाहेर टाकायला मार्ग नाही म्हटल्यावर शरीर आतली निर्मितीच कमी करतं. थायरॉइडचं संप्रेरक घटतं आणि चयापचय मंदावतो. भूक कमी होते, कारण पचनातून, विशेषतः आंधळ्या आतड्यात जिवाणूंकडून होणाऱ्या तंतूंच्या किण्वनातून उष्णता निघते. उन्हाळ्यातला कमी खाणारा ससा आजारी नसतो, शहाणा असतो. भूक वाढवणारी औषधं पाजून त्याला जबरदस्तीने खायला लावण्याचा उद्योग त्यामुळे मुळातच चुकीचा. शरीराने मुद्दाम मंद केलेली चूल पुन्हा भडकवून काही साधत नाही.

पण या शहाणपणाचीही किंमत असते. उष्णता घालवण्यासाठी रक्त कातडीकडे आणि कानांकडे वळतं, तेव्हा आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. आतड्याचं नाजूक अस्तर दुबळं होतं, घातक जिवाणू आणि त्यांची विषं आत झिरपायला वाट मिळते. त्यात सशाचं पोट आधीच तऱ्हेवाईक. तो स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो आणि त्यांतून जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळवतो. खाण्याची वेळ आणि लय बिघडली की हे चक्रही विस्कटतं. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोट बिघडून होणारी मरतूक ही ससेपालनाची जुनी डोकेदुखी. उन्हाळा त्यात भर घालतो.

इजिप्तमध्ये सशाचं मांस हे घरगुती खाणं आहे. मुलुखिया नावाच्या हिरव्या पालेभाजीबरोबर ते शिजवतात, आणि कितीतरी घरांत ससे गच्चीवर पाळले जातात. गच्ची म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा! तेव्हा सशांच्या उष्णताताणाचा सविस्तर अभ्यास नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या झगाझिग विद्यापीठात झाला, यात नवल नाही. तिथले इब्राहिम मराई आणि त्यांचे सहकारी यांनी सशांसाठी तापमान आणि दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक मांडला. २१ अंशांच्या आसपासची हवा सशाला मानवते, एवढं सांगून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. घाम येत नसला तरी श्वासातून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि हवा दमट असेल तर ती वाटही अडते. म्हणून सूत्रात सापेक्ष आर्द्रता आली. निर्देशांक २७.८ च्या खाली असेल तर ताण नाही. २८.९ पर्यंत मध्यम, ३० पर्यंत तीव्र आणि ३० च्या वर अतितीव्र.

हेच सूत्र महाराष्ट्राला लावून पाहावं. रत्नागिरीतली मे महिन्यातली दुपार धरू: तापमान ३२ अंश, आर्द्रता ७० टक्के. निर्देशांक येतो ३०.४. आता नागपूरची मार्चअखेरची दुपार: ३६ अंश, आर्द्रता २० टक्के. निर्देशांक ३०.६. तापमापकावर ४ अंशांचा फरक, पण सशाच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच, दोन्ही अतितीव्र ताणाच्या. कोकणात ‘आमच्याकडे कुठे विदर्भासारखं ऊन असतं’ म्हणत पिंजरे मांडणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. नागपूरच्या मे महिन्याचा, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेचा आकडा निघतो ३५ च्या वर. त्यावर भाष्य करायलाच नको.

दुपारइतकाच रात्रीचाही विचार व्हायला हवा. तो बहुतेकांकडून राहून जातो. प्रयोगशाळेत ३० अंश म्हणजे चोवीस तास ३० अंश. शेडमध्ये तापमान चढतं आणि उतरतं. रात्री पारा पंचविशीच्या खाली आला तर ससा दिवसभरात साठलेली उष्णता टाकून देतो आणि त्याच वेळी दुपारचं राहिलेलं खाणं भरून काढतो. मुळात तो रात्री खाणाराच प्राणी. पुणे-सातारा पट्ट्यात मेमधल्या रात्री बऱ्याचदा एवढ्या उतरतात. नागपुरात मेच्या रात्रीही २८ अंशांच्या घरात अडकतात आणि किनारपट्टीवर २६-२७ अंश दमटपणासकट. दिवसा किती तापलं यापेक्षा रात्री किती निवलं, यावर वजनाचं बरंच काही ठरतं.

हे झालं वाढीचं. ताटात येणाऱ्या मांसाचं काय होतं?

इथे एक समज दुरुस्त करावा लागतो. उन्हाळाभर ताणाखाली वाढलेल्या सशाचं मांस हमखास वाईट, असं काही दिसत नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्यात बोतुकातू इथल्या विद्यापीठात स्थानिक वाणाचे आणि संकरित ससे १८, २५ आणि ३० अंशांत वाढवून त्यांच्या मांसाची तपासणी झाली. ३० अंशांत वजन आणि त्याबरोबर हाती येणारं मांस घटलं. मांसाच्या दर्जावरचा परिणाम मात्र सौम्य होता. इटलीतल्या पादोव्हा विद्यापीठात अशा विषयावर दीर्घकाळ काम झालं आहे. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांतून साधारण असं चित्र निघतं: उष्णतेत वाढलेल्या सशाच्या अंगावर चरबी कमी, विशेषतः मूत्रपिंडाभोवतीची, कातडी हलकी, यकृत आणि मूत्रपिंड लहान. कान मात्र मोठे होतात. तीच जात, पण उष्ण जागी वाढली तर कान लांबतात.

चरबी आणि आतले अवयव कमी भरल्यामुळे जिवंत वजनाच्या तुलनेत मांसाचं प्रमाण काही वेळा फारसं घसरत नाही, उलट किंचित वधारतं. विक्रेता ही टक्केवारी पुढे करून गिऱ्हाइकाला खूश करू शकतो. पण टक्केवारी शिजवून खाता येत नाही; खायचे ते ग्रॅम, आणि ते कमीच भरतात. सशाचं मांस मुळातच कोरडं, पाठीच्या स्नायूत चरबी जेमतेम १-२ टक्के. चवीला आणि रसाळपणाला जी थोडी चरबी आधार देते, तीही आटली तर रस्सा करणाऱ्याला फरक कळणार नाही, भाजून खाणाऱ्याला कळेल.

दर्जाचा खरा घात होतो तो शेवटच्या काही तासांत.

जिवंत स्नायूत ग्लायकोजेन या रूपात साखर साठवलेली असते. कत्तलीनंतर प्राणवायू मिळणं थांबतं, या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि स्नायूचा सामू ७ च्या आसपासून उतरत एका दिवसात साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान येऊन ठेपतो. ही घसरण नीट झाली तर मांसाला अपेक्षित फिकट गुलाबी रंग येतो, ते टिकतं, शिजल्यावर मऊ लागतं. आता दुपारचा टेम्पो डोळ्यांसमोर आणावा. एकावर एक रचलेले प्लॅस्टिकचे क्रेट, प्रत्येकात दाटीवाटीने बसलेले ससे, ताडपत्री ओढलेली आणि गाडी टोलनाक्यावर थांबलेली. चालत्या गाडीत निदान वारा असतो. थांबलेल्या गाडीत मधल्या थरातल्या सशांच्या अंगची उष्णता आणि श्वासाची वाफ तिथेच कोंडते. ससे धापा टाकत, भेदरलेल्या अवस्थेत स्नायूंतली साखर जाळत राहतात. कत्तलीच्या वेळी साठा रिकामा. पुरेसं आम्ल तयार होत नाही, सामू ६ च्या वर अडकतो. मांस गडद, घट्ट आणि चिकटसर होतं आणि जिवाणूंना पोषक असल्याने लवकर नासतं.

स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात या प्रवासावर बारकाईने काम झालं. प्रवास लहान की लांब, ऋतू उन्हाळ्याचा की हिवाळ्याचा, ससा गाडीत कुठल्या थरात होता, हे सगळं लक्षात घेऊन कॉर्टिसोल, लॅक्टेट, क्रिएटिन कायनेज यांसारखी ताणाची आणि स्नायूंच्या इजेची रक्तातली लक्षणं मोजली गेली. स्पेन, इटली आणि फ्रान्स हे युरोपातले सशाच्या मांसाचे मोठे उत्पादक. तिथे ससे शेतावरून दूरच्या कत्तलखान्यात जातात, त्यामुळे गाडीतले काही तास हा धंद्याचाच प्रश्न आहे. वाटेत ससा खात-पीत नाही. आधी आतड्यातला माल कमी होतो, मग शरीरातलं पाणी. उन्हाळ्यात हे दुसरं लवकर सुरू होतं, आणि ते पाणी मांसाच्या वजनातून वजा होतं.

एक गोष्ट दीर्घ उष्णतेच्या खात्यातही लिहावी लागते. सशाच्या चरबीत असंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात. आरोग्याच्या दृष्टीने ही जमेची बाजू, साठवणुकीच्या दृष्टीने कमकुवत, कारण अशी चरबी हवेतल्या प्राणवायूशी लवकर संयोग पावते आणि खवट होते. उष्णतेच्या ताणात पेशींमधला हा ऑक्सिडीकरणाचा मारा आधीच वाढलेला असतो. खाद्यात ई जीवनसत्त्व जास्त दिलं तर मांस खवट होणं लांबतं, हे इटलीतल्या पेरुजिया विद्यापीठातल्या अभ्यासांसह अनेक ठिकाणी दिसलं आहे. क जीवनसत्त्वाचं वेगळं: ते ससा स्वतःच्या शरीरात बनवतो, पण ताणात ते कमी पडतं, म्हणून उन्हाळ्यात वरून दिलं जातं.

प्रजननाचा विषय स्वतंत्र लेखाचा, पण वाढीशी त्याचा धागा जोडलेला आहे. गाभण आणि दूध पाजणारी मादी कमी खाते, म्हणून दूध कमी देते. पिल्लं दूध तोडण्याच्या वयाला आधीच हलकी पोचतात आणि वाढीच्या शर्यतीत मागून सुरुवात करतात. मादी दिवसातून साधारण एकदाच, तेही तीन-चार मिनिटं पाजते. एक वेळ चुकली की पूर्ण दिवस गेला. नराचं तर आणखी विचित्र. शुक्राणू तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात, त्यामुळे मेमधल्या उन्हाचा फटका जुलैत, चांगला पाऊस पडत असताना दिसतो. पाळणारा मादीला दोष देत बसतो. गंमत अशी की याच सशाच्या नवजात, बिनकेसाच्या पिल्लांना पहिले काही दिवस ३० अंशांच्या वरची ऊब लागते. मादी अंगावरचे केस उपटून घरट्यात घालते ते त्यासाठीच. एकाच पिंजऱ्यात आईला हवे वीस अंश आणि लेकरांना तीस!

उपाय बरेच सांगितले जातात. त्यांतले पैसे वसूल करणारे थोडे.

पहिला छपराचा. पत्र्याला बाहेरून चुना, आतून गवताचं किंवा बांबूच्या तट्ट्यांचं खोटं छत, शेडची लांबी पूर्व-पश्चिम, उंची भरपूर. यात एकदा पैसा घातला की काम झालं. दुसरा पाण्याचा. इजिप्तमधल्या प्रयोगांत पिण्याचं पाणी १० ते १५ अंशांपर्यंत थंड करून दिल्यावर ससे ताण बऱ्यापैकी सोसू शकले. आपल्याकडे गडबड नेमकी इथेच असते. काळी टाकी पत्र्यावर, तिथून उन्हात तापलेली नळी निपलपर्यंत. दुपारी तीनला निपलला बोट लावून पाहावं. चटका बसला तर ससा पीत नसणार, आणि पीत नसेल तर खातही नसणार. टाकी सावलीत घेणं, नळीवर ओलं गोणपाट गुंडाळणं, याला शास्त्रज्ञ लागत नाही. तिसरा वेळेचा. गोळीखाद्य सूर्यास्तानंतर, दुपारी गव्हाण रिकामी किंवा थोडा हिरवा चारा. पचनाची उष्णता रात्रीच्या गारव्यात सरकवायची, एवढाच हेतू.

कूलरबद्दल मात्र सावध. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे पॅड आणि फॉगर अकोला-नागपूरच्या कोरड्या हवेत उत्तम. दमट किनाऱ्यावर तेच यंत्र हवा थंड न करता नुसती ओली करतं, निर्देशांक वर ढकलतं आणि जोडीला श्वसनाचे रोग आणतं. तिथे पैसा पंख्यावर घालावा.

सगळ्यात जुना उपाय सशाने स्वतःच शोधला होता, बीळ. इटलीतल्या वितेर्बो इथल्या विद्यापीठात फिन्झी यांनी तो पाळीव सशाला परत मिळवून दिला. जमिनीखाली सिमेंटची कोठी, वर नेहमीचा पिंजरा आणि दोन्हींना जोडणारी नळी. ससा हवं तेव्हा खाली जातो, खायला वर येतो. मोठ्या व्यापारी शेडमध्ये शेकडो कोठ्या साफ ठेवणं अवघड, म्हणून कारखानदारीने ही पद्धत उचलली नाही. दहा-वीस माद्या पाळणाऱ्या घरगुती शेतकऱ्याला मात्र ती परवडणारी आहे, आणि वीजबिल शून्य. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या टेक्सासमधला प्रयोग. किंग्जविल इथल्या विद्यापीठात स्टीव्हन ल्यूकफार यांच्या गटाने जनुकीय बदलाने आपोआप बिनकेसाळ जन्मलेल्या सशांची तुलना केसाळ भावंडांशी केली. दक्षिण टेक्सासच्या उकाड्यात केस नसलेल्यांना उष्णता टाकणं सोपं गेलं. पण थंड घरट्यात अशा पिल्लांचे हाल ठरलेले, आणि बिनकेसाचा ससा विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळवणं ही वेगळीच कसरत.

जातींचा मार्ग संथ असला तरी टिकाऊ वाटतो. सिनाईच्या वाळवंटी भागातले गबाली ससे उष्णता सोसणारे, पण वाढीला सावकाश. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात घडवलेली व्ही नावाची ओळ भरपूर पिल्लं देणारी. सौदी अरेबियात तिथले स्थानिक गबाली ससे आणि ही व्ही ओळ यांच्या संकरातून नव्या ओळी काढल्या गेल्या. परदेशी जातीला कूलरमध्ये ठेवण्यापेक्षा उन्हात टिकणाऱ्या रक्ताला वाढ शिकवणं, असा हा विचार आहे.

भारतात केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं मुख्यालय राजस्थानातल्या टोंक जिल्ह्यात, अविकानगरला. उन्हाळ्यात तिथे पारा पंचेचाळिशीकडे झुकतो. सशांवरही काम करणाऱ्या या संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र मात्र तमिळनाडूत कोडाईकनालजवळ मन्नवनूरला, सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, आणि मांसासाठीच्या व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला अशा सशांचं काम तिथे चालतं. लोकरीच्या अंगोरा सशांचं केंद्र हिमाचलात कुल्लूकडे, गडसा इथे. तज्ज्ञांचं सशांवरचं बरंचसं काम डोंगरावर चालतं. सपाटीवरच्या शेतकऱ्याला ‘बारमाही उत्पन्न’ म्हणून पिंजरे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हा तपशील सहसा नसतो.

बारमाही उत्पन्नाचा हट्ट सोडणं हाच महाराष्ट्रातल्या सपाट प्रदेशासाठी सगळ्यात स्वस्त उपाय आहे. इजिप्तमधले पारंपरिक पाळणारे उन्हाळ्याच्या महिन्यांत जोडी लावणंच थांबवतात, शरद ऋतूत पुन्हा सुरू करतात. सशाची गर्भावस्था ३१ दिवसांची. दसऱ्याच्या सुमाराला जोडी लावली तर तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला वेत होतं, आणि दहा-बारा आठवड्यांची पिल्लं महाशिवरात्रीच्या आधी विक्रीला येतात. त्यांची सगळी वाढ थंडीच्या दिवसांत होते. त्यामागून लगेच घेतलेलं आणखी एक वेत होळीच्या पुढेमागे निघू शकतं. त्यानंतरच्या जोड्या लावण्याआधी शेडमध्ये ओल्या-कोरड्या बल्बचा तापमापक टांगावा आणि सलग आठ दिवस दुपारी तीनला व पहाटे पाचला नोंद करावी. दुपारचा निर्देशांक ३० च्या वर आणि पहाटेचं तापमान २५ च्या वर राहत असेल, तर नव्या जोड्या पावसाळा सरेपर्यंत लावू नयेत. आणि विकलेले ससे कुठल्याही महिन्यात न्यायचे असोत, गाडी पहाटे सुटावी आणि ऊन चढण्याआधी पोचावी.